मंडळाची खुंटी

१७ सप्टेंबर १९५७, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. पनवेलच्या दिवाणी कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारले, "बाई, पुढची तारीख देण्यास आपली हरकत आहे का?"

त्या दिवसांत आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असे आणि ते मला पाठ होते. समोरच्या वकिलाचा कोट मंडळाच्या खुंटीवर असला, की 'हरकत नाही' म्हणायचे आणि खाली बसायचे. मी 'हरकत आहे' म्हणाले. या दोन शब्दांचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी खुंटीविषयी सांगितले पाहिजे, कारण नव्याने सनद घेतलेल्या आमच्या तरुण वकिलांनीही आता तिचे नाव ऐकलेले नाही.

कोर्टाच्या इमारतीला लागून पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तीत आम्हा वकिलांचे मंडळ बसे. मंडळाच्या कार्याची यादी बाहेरच्या माणसाला फारशी भारदस्त वाटली नसती: दोन कपाटे पुस्तके, एक वर्तमानपत्र, पाण्याचा माठ आणि एखादा सभासद वारला की शोकसभा. भिंतीवर सागाच्या खुंट्यांची एक ओळ होती. ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रत्येकाची खुंटी ठरलेली. माठाजवळची शेवटची खुंटी मात्र कोणाचीच नव्हती, ती मंडळाची. स्वतःचे आजारपण, घरातील मृत्यू किंवा मरणाच्या दारातील माणूस, अशा कारणाने ज्याला कोर्टात उभे राहता येत नसे, त्याने आपला काळा कोट गुंड्या लावून त्या खुंटीला अडकवायचा. अध्यक्षांनी कोर्टात सांगायचे, "साहेब, अमक्यांचा कोट खुंटीवर आहे." मग कोट उतरेपर्यंत त्याच्या अशिलाविरुद्ध कोणी हुकूम मागायचा नाही, आणि त्याचे अशीलही कोणी घ्यायचे नाही. लग्नकार्याला ही सवलत नव्हती. जत्रेला तर मुळीच नव्हती.

ज्येष्ठ वकिलांना तिची फारशी गरज पडत नसे. त्यांच्या हाताखाली उमेदवार असत. एक आजारी पडला तर दुसरा उभा राही. ज्याला सनद मिळून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत, ज्याच्याकडे मोजकी कामे आहेत आणि त्यांपैकी एक हातचे गेले तर बाकीचीही जातील, अशा नवख्याला तिच्याखेरीज आधार नव्हता. माझ्या मते मंडळाचे खरे काम ती एक खुंटी करीत होती.

हे मला अनुभवाने ठाऊक होते. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. प्रयोगशाळेतील नोकरी सोडून मी कायद्याकडे वळले त्याचे कारण साधे होते: प्रयोगशाळेत मला दुसऱ्याने काढलेले आकडे तपासावे लागत आणि मला स्वतःचे निष्कर्ष काढायचे होते. वडील म्हणाले होते, "मुंबईत वकील पुष्कळ. पनवेलला जा, तिथे निदान लोक तुला पाहायला तरी येतील." ते खरे ठरले. पहिल्या पावसाळ्यातच मला विषमज्वर झाला. तीन आठवडे मी अंथरुणावर होते. माझा कोट मंडळाच्या खुंटीवर टांगला तो मधुकर दिघ्यांनी. मी परत आले तेव्हा माझे एकही काम बुडाले नव्हते. प्रत्येक अर्जावर समोरच्या वकिलाच्या हातचे दोन शब्द होते: हरकत नाही.

दिघे आणि मी एकाच वर्षी सनद घेतलेली. मंडळाच्या खोलीत एका टेबलाच्या दोन बाजू आमच्या वाट्याला आल्या होत्या. ते महाडचे, वडील तिथे पोस्टात होते. माझ्या विज्ञानाची त्यांना मोठी गंमत वाटे. त्यांनी माझे नाव 'थर्मामीटर' ठेवले होते.

"काय थर्मामीटर, आज साहेबांना ताप किती?"

"शंभराच्या खाली आहे. तुमचा अर्ज वाचला की वाढेल."

असे आमचे चाले. नानासाहेब, म्हणजे आमचे अध्यक्ष, वर्तमानपत्राआडून म्हणत, "अरे, भांडायचे असेल तर वकीलपत्र घेऊन भांडा. फुकट भांडलात तर धंदा कसा व्हायचा?"

१९५७च्या ऑगस्टमध्ये हिरूबाय माझ्याकडे आली. खाडीकाठच्या एका गावची आगरी बाई, पन्नाशीची, नवरा वारलेला. दारात उभी राहून तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, "वकील खय गेलं?"

"मीच वकील."

"तुमी?" तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "बरा झाला. पुरुस वकील आमाला भायेर बसवतान आन् दिराशी बोलतान. दिराला काय बी ठावं नाय."

गाऱ्हाणे असे होते. गावातील आठ घरांची मिळून एक खार होती. खार म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून मागे रेटायचे आणि सुटलेल्या जमिनीत भात लावायचे. खाडीच्या अंगाचा जो बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. साठलेले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात लाकडी दार असते, ती उघाडी. बाहेरकाठा टिकला तर भात. त्यावरून भरतीचे पाणी आत आले तर उभे पीक एका दिवसात जळते आणि मीठ मुरलेली जमीन पुढे तीन-तीन वर्षे रुसून बसते. शेजारी एका शेठचे मिठागर होते. नव्या कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, बांधण्यासाठी त्याच्या माणसांनी बाहेरकाठ्याची माती उचलली आणि उघाडीजवळचा पन्नास हात बांध खाली बसला. गावकरी माती घालायला गेले, तर शेठच्या रखवालदाराने हुसकावले. बांध शेठच्या मालकीचा, हात लावाल तर चोरीची फिर्याद!

"भात निसवायला आलाय," हिरूबाय म्हणाली. "सरवपित्रीचा उधान हाय म्होरं. तेच्या आदी माती पडली पायजे. बांध कोनाचा ता मागनं ठरवा. कोर्टाला घाई नाय, पान्याला हाय."

मी दावा दाखल केला. शेठने माती घालण्यास अडथळा करू नये, असा तूर्तातूर्त हुकूम मागणारा अर्ज सोबत जोडला. तूर्तातूर्त हुकूम हा मूळ निकाल नव्हे. निकाल लागेपर्यंत भांडणाची वस्तूच नष्ट होऊ नये म्हणून दिलेला तो तात्पुरता आधार. शेठने वकील दिला तो मधुकर दिघे. त्यांना मिळालेले ते पहिले मोठे अशील. शेठची आणखी चार मिठागरे होती आणि प्रत्येक मिठागराला एक तरी तंटा होता; म्हणजे हे एक काम नीट झाले तर दिघ्यांची पनवेलमधील घडी बसणार होती. ते त्यांनी मला लपवले नाही. "थर्मामीटर, हे टिकलं तर वडिलांना इकडे आणीन," असे ते एकदा म्हणाले होते.

अर्जात 'पाणी येण्याची भीती आहे' एवढेच लिहिलेले सुनावणीला पुरणार नाही, हे मला दिसत होते. भीती सगळेच लिहितात. मला आकडा हवा होता. दोन काचनळ्या आणि मध्ये रबरी नळी असे साधन घेऊन मी खारीवर गेले. नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना पातळी एकच राहते. त्या पातळीने बसलेल्या बांधाची उंची उघाडीच्या खांबावर नेली आणि तिथे एक खिळा ठोकला. खिळ्याखाली व वर इंचांच्या खुणा केलेली बांबूची पट्टी बांधली. पुनवेच्या उधाणाला, दहा सप्टेंबरला, गावकऱ्यांनी खूण पाहून ठेवली: पाणी खिळ्याखाली सात इंचांवर थांबले. बंदराच्या छापील कोष्टकाप्रमाणे चोवीस तारखेची, म्हणजे सर्वपित्रीच्या उधाणाची, दुपारची भरती त्याहून अकरा इंचांनी मोठी होती. म्हणजे बांधावरून चार इंच पाणी. वजाबाकी शाळेतील मुलालाही आली असती.

आणि सोळा तारखेला संध्याकाळी महाडहून तार आली. दिघ्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता.

मी एस. टी. स्टँडवर गेले. दिघ्यांच्या हातात लहानशी पिशवी होती आणि अंगात कोट नव्हता.

"टांगून आलो," ते म्हणाले.

"दिघे, उद्या आपली सुनावणी आहे."

"म्हणून तर टांगला. समोर तुम्ही आहात, त्यामुळे काळजी नाही."

"साहेब वीस तारखेपासून रजेवर आहेत. तारीख पडली तर उधाणानंतरची पडेल. बांधाच्या मालकीला बाध न येता माती घालू द्यावी, एवढी संमती शेठकडून मिळेल का?"

"विचारलं मी. नाही म्हणतो. संमती देणारा वकील नको, भांडणारा हवा, असं तोंडावर म्हणाला." गाडी सुरू झाली. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "थर्मामीटर, बाबा वाचतील ना?"

मी म्हणाले, "वाचतील." त्याला आधार काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मंडळाच्या खोलीत गेले तेव्हा कोट खुंटीवर होता. सगळ्या गुंड्या लावलेल्या. नानासाहेब वर्तमानपत्र न उघडता बसले होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना समजले असावे.

"मुली, कोट खुंटीवर आहे."

"पाणी खुंटी पाहत नाही, नानासाहेब."

"पाणी नाहीच पाहत. म्हणून तर ती माणसांनी पाहायची." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुझा कोट तीन आठवडे तिथे होता. त्यांतली दोन कामं माझ्याविरुद्ध होती. माझंही अशील ओरडलंच होतं की."

"तुमच्या अशिलाचं भात बुडत नव्हतं."

"ज्याचं त्याला भातच वाटतं."

मी कागद उचलून निघाले. बाहेर व्हरांड्यात हिरूबाय आठ घरांची माणसे घेऊन उकिडवी बसली होती. तारीख पडण्याचा संभव मी तिला सांगितला. तिने फक्त विचारले, "तारीख पडली त पानी थांबल का गो बाय?"

कोर्टात नानासाहेबांनी नेहमीचे वाक्य म्हटले. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी 'हरकत आहे' म्हणाले, तेव्हा लेखनिकाची लेखणी थांबल्याचे मला ऐकू आले. लेखणीचा आवाज आपण ऐकत होतो हे ती थांबल्यावरच कळते.

साहेब भला माणूस होता. त्यांनी वकिलांच्या बाकांकडे पाहिले. "दिघ्यांच्या वतीने आज कोणी उभे राहील काय?"

कोणी उठले नाही. उठणार कसे? ज्याचा कोट खुंटीवर, त्याचे अशील कोणी घ्यायचे नाही, हा त्याच खुंटीचा दुसरा नियम होता. दिघ्यांचे काम दुसऱ्याने पळवू नये म्हणून तो केलेला होता. मी पहिला नियम मोडला आणि बाकीच्या सर्वांनी दुसरा पाळला. या दोहोंच्या मध्ये दिघे सापडले. प्रथा केली तेव्हा एकच माणूस ती मोडील आणि उरलेले तंतोतंत पाळतील, असा विचार कोणी केला नसावा. मला तो सुचायला हवा होता, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त चार इंच पाणी होते.

शेठ स्वतः उभा राहिला. "साहेब, माझा वकील नाही. मी काय बोलू?"

"बांध आपला आहे म्हणता, त्यावर माती पडली तर आपले नुकसान काय, तेवढे सांगा," साहेब म्हणाले.

शेठला ते सांगता आले नाही. वकिलाला सांगता आले असते. बांध जड झाला की मिठागराच्या अंगाला खचतो, हा मुद्दा दिघ्यांच्या कैफियतीत होता आणि तो पोकळ नव्हता. मी तो वाचला होता. मग माझ्या आकड्यांचा कागद पाहत साहेबांनी मला विचारले, "हे माप कोणी घेतले?"

"माझ्या अशिलांनी, साहेब. मी पट्टीवर खुणा करून दिल्या."

"आपण वकील आहात की भूमापक?" कोर्टात हशा झाला, पण तो आमच्या बाकांवर पोहोचला नाही. दुपारी हुकूम मिळाला: मालकीच्या प्रश्नाला बाध न येता वादींनी स्वखर्चाने दीड फूट माती घालावी, प्रतिवादीने अडवू नये.

गावाने ओहोटी साधून माती घातली. बायका टोपल्या वाहत होत्या, पुरुष चोपणीने चोपत होते. हिरूबायचा दीर, ज्याला काही ठाऊक नव्हते, तो सर्वांत जास्त हुकूम सोडीत होता. अठरा तारखेला दिघ्यांचे वडील वारल्याची तार मंडळात आली. आम्ही शोकसभा घेतली. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारी कोणी बसले नाही. हे बहिष्कार म्हणून नव्हे. त्यांना माझ्याशी काय बोलावे ते सुचत नव्हते.

चोवीस तारखेला मी कोर्टाचे काम आटोपते घेऊन खारीवर गेले. दुपारची वेळ, आकाश निरभ्र, वाऱ्याचा लवलेश नाही. खाडी तव्यासारखी सपाट. पाणी पट्टीवर चढत गेले, थांबले आणि उतरू लागले. थांबले ती वेळ आणि ती खूण मी लिहून घेतली.

तिथेच मला माझी चूक दिसली. दहा तारखेला दिवसभर पश्चिमेचा वारा होता. तो खाडीत पाणी लोटत होता. माझ्या पट्टीने त्या दिवशी चंद्राची भरती अधिक वाऱ्याचा रेटा असे दोन्ही मिळून मोजले, आणि मी ते सगळे चंद्राच्या नावावर मांडले. एकच माप म्हणजे माप नव्हे, असे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. परंतु इथे दुसरे माप घेण्याची सोय निसर्गाने ठेवली नव्हती. दुसरे माप म्हणजेच ते उधाण.

मी हिरूबायला सांगितले, "बाय, माती घातली नसती तरी चाललं असतं. पाणी जुन्या बांधावरूनही गेलं नसतं."

ती हसली. "नाय आला त नाय आला. पन ह्या आठ दिस आमी निजलो ना गो!"

त्या वर्षी खारीत भात चांगले झाले. पुढेही होत राहिले. माझ्याकडे कामे वाढली. उधाण मोजणारी वकीलबाई म्हणून उरणपर्यंतची माणसे येऊ लागली, आणि हे मला आवडले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

खुंटीचे मात्र तेव्हापासून बिघडले. कोणी मोठ्याने काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात एकाने खुंटीवरच्या कोटाविरुद्ध हरकत घेतली. त्याचे कारण माझ्या कारणाहून हलके होते. त्यानंतर आणखी एकाने घेतली, त्याच्याजवळ कारणच नव्हते. वर्षभरात नवखे वकील कोट टांगण्याऐवजी तापात फणफणत कोर्टात उभे राहू लागले. आता डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. ज्याच्यापाशी उमेदवार आहे त्याचे निभते, ज्याच्यापाशी नाही त्याचे देव जाणे. दोन वर्षांपूर्वी मी मंडळाची कार्यवाह झाले. तातडीचे काम असेल तर गैरहजर सभासदाच्या वतीने मंडळाने दुसरा वकील उभा करावा आणि अशील मूळ वकिलाचेच राहावे, असा नियम मी लिहिला. तो एकमताने मंजूर झाला. माझ्या मते नियम निर्दोष आहे. अद्याप एकाही सभासदाने तो वापरलेला नाही. मंडळाच्या खुंटीवर हल्ली छत्र्या असतात.

दिघे दिवसकार्य आटोपून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले. डोक्याचे केस नुकते फुटू लागले होते. शेठने वकीलपत्र काढून घेतल्याचे त्यांना महाडलाच पत्राने कळले होते. नानासाहेबांनी दोन कामे देऊ केली, ती त्यांनी घेतली नाहीत. महाडच्या शाळेत गणिताची जागा होती आणि आता घरी आई एकटी होती. आजही ते तिथेच शिकवतात. चांगले शिकवतात असे ऐकते.

ते खोलीत आले तेव्हा मी आमच्या टेबलाशी होते. त्यांनी खुंटीवरून कोट काढला, गुंड्या एकेक करून सोडल्या आणि तो अंगात न घालता हातावर घेतला. मी उठले.

"दिघे, मी—"

"नानासाहेबांनी सांगितलं सगळं. साहेबांनी विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत." ते समोरच्या खुर्चीत बसले, नेहमीच्या जागी. "तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचा महाडला पुष्कळ विचार केला. तेरा दिवस दुसरं काम नव्हतं. ठरलं नाही."

मी टेबलाच्या त्यांच्या बाजूवरची माझी पुस्तके उचलली.

"एवढंच सांगा, थर्मामीटर. पाणी गेलं का वरून?"

"नव्या मातीला लागलंसुद्धा नाही."

"आणि जुन्या बांधावरून गेलं असतं?"

"नाही."

त्यांनी कोटाची बाही सरळ केली. मग जुन्या सवयीने त्यांच्या तोंडाचा कोपरा किंचित वर गेला. "म्हणजे हरकत नव्हती."

खोलीत कोणी हसले नाही. ते उठले, कोट पिशवीत घातला, आणि दारापर्यंत जाऊन वळले.

"आकडा लिहिला असेल तुम्ही."

"लिहिला आहे."

"मग वाचा की. अंदाजाने जायचं नाही मला."

मी वही उघडली आणि साक्षीदाराने वाचावे तसे वाचले: चोवीस सप्टेंबर, दुपारी एक वाजून पाच मिनिटे, वारा नाही, पाणी खिळ्याच्या खाली साडेतीन इंच.